सगळेच पोझिशनल प्ले खेळवतात, मग वेगवेगळे का दिसतात?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. पेप ग्वार्डिओला, आर्टेटा, डी झर्बी, लुईस एन्रिके या सगळ्या फुटबॉल मॅनेजरांना लोक पोझिशनल प्लेवाले म्हणतात, पण मॅच लावली की एकाची टीम दुसऱ्यासारखी दिसत नाही, तर हा नुसता फॉर्मेशनचा, म्हणजे मैदानावरच्या मांडणीचा, फरक आहे का, आणि तुमच्याकडे जी 14 वर्षांखालची टीम आहे तिला यातलं कुणाचं शिकवायचं. मी सोळा-सतरा वर्षं याच वयाच्या पोरांना शिकवतोय, मध्ये तीन सीझन एका सीनियर टीमसाठी व्हिडिओ अ‍ॅनालिसिस केलं, आणि तुम्ही जी चूक करायच्या बेतात आहात ती मी करून बसलोय, त्यामुळे उत्तर लांबणार, सवडीने वाचा.

फॉर्मेशनचं आधी उरकून टाकतो. 4-3-3 की 3-2-4-1 हे आकडे टीव्हीवर टीम दाखवायला बरे पडतात, बॉल हलायला लागला की दहा सेकंदात मोडतात. तीच टीम डिफेन्स करताना 4-4-2 असते आणि बॉल मिळाला की मागे तीन, पुढे पाच. त्यामुळे आकड्यांवरून मॅनेजर ओळखायला गेलात तर फसाल.

आता पोझिशनल प्ले मुळात काय आहे ते बघू, कारण बरेच जण याला नुसतं भरपूर पास मारणं समजतात. मैदानाचे उभे पाच पट्टे धरायचे, दोन कडेचे, एक मधला, आणि मधल्याच्या दोन्ही बाजूंना ज्यांना हाफस्पेस म्हणतात ते दोन. पेप जर्मनीच्या बायर्न म्युनिक क्लबला असताना त्याने प्रॅक्टिसच्या मैदानावर या रेषा चक्क आखून घेतल्या होत्या. नियम साधा, एका उभ्या पट्ट्यात दोनपेक्षा जास्त जण नकोत आणि एका आडव्या ओळीत तीनपेक्षा जास्त नकोत. असं उभं राहिलं की बॉलवाल्याला कायम दोन-तीन तिरके पास मिळतात, समोरच्याला मात्र ठरवावं लागतं की बॉलवर जाऊ की माणूस धरू, आणि तो ठरवेपर्यंत आपला कुणीतरी एक मोकळा सुटतो. तो मोकळा माणूस शोधायचा, बाकी सगळी सजावट.

हे पेपने शोधलेलं नाही. क्रायफ 1988 ला बार्सिलोनाचा कोच झाला तेव्हापासून ते तिथे रुजलं, त्याच्या टीमच्या मधोमध पेप स्वतः खेळायचा, 1992 ला वेम्बलीवर युरोपियन कप जिंकला तेव्हाही. त्याच मुशीतला पण जास्त कडक माणूस म्हणजे व्हॅन गाल, 1995 ला आयाक्सबरोबर चॅम्पियन्स लीग जिंकून पुढे 1997 ला बार्सिलोनाला आला, पेप त्याच्याही हाताखाली खेळलाय. म्हणजे घराणं एकच, आणि एका घराण्यातले दोन गवई कधी सारखे गातात का?

मग फरक कशात? माझ्या बघण्यात जे आलं ते सांगतो, पटलं तर घ्या. बॉल पायात असताना यांना काय हवंय ते जवळजवळ सारखंच असतं. वेगळी असते ती धास्ती. म्हणजे मॅचमध्ये कुठली गोष्ट घडली तर या माणसाची झोप उडेल ते शोधायचं, एकदा ते सापडलं की तो कुणाला जागेवर खिळवून ठेवतो, कुणाला भटकू देतो, बॉल किती वेळ मागे फिरवतो हे सगळं आपोआप लागायला लागतं.

पेपपासून सुरू करू. त्याला धास्ती आहे बॉल गेल्यावर मधून येणाऱ्या काउंटरची, म्हणजे बॉल हिसकावून लगेच केलेल्या उलट्या हल्ल्याची. बायर्नच्या दिवसांत तो पंधरा पासांची गोष्ट सांगायचा, अटॅकच्या आधी साधारण पंधरा पास झाले पाहिजेत म्हणून. लोकांना वाटतं ते समोरच्याला दमवायला. ते थोडंफार खरं आहे पण त्या पासांच्या वेळात आपली टीम एकत्र वर सरकते, जवळजवळ येते, आणि बॉल गेलाच तर तो परत घ्यायला चार जण पाच पावलांवर असतात. जर्मनीत टीमा काउंटरला फार वेगवान, म्हणून त्याने लाम आणि अलाबासारख्या फुलबॅकना (कडेचे डिफेंडर) कडेने पळवण्याऐवजी आत मिडफिल्डमध्ये आणून उभं केलं. आणि ज्या दिवशी ही मधली राखण सुटली त्या दिवशी काय झालं ते एप्रिल 2014 मध्ये दिसलं, रियल माद्रिदने त्यांच्याच घरी 4-0 ने हरवलं. (सेट पीसवरचे, म्हणजे फ्री किक-कॉर्नरवरचे, गोल होते त्यात, मान्य, पण ती मॅच परत बघा, बायर्नचं मिडफिल्ड दिसतच नाही.) पुढे मँचेस्टर सिटीला 2022-23 मध्ये त्याने स्टोन्स या सेंटरबॅकलाच (मधला डिफेंडर) मिडफिल्डर रोड्रीच्या बाजूला नेलं आणि मागे उरलेले तिघंही मुळात डिफेंडरच. तीन कप जिंकले त्या वर्षी. वरवर केवढा प्रयोग वाटतो, आतून बघाल तर जुनाच हिशोब, की बॉल गेला तर मधे आणि मागे दणकट माणसं हवीत.

आणि पेपकडे मोकळीक नसते असं म्हणणाऱ्यांनी 2 मे 2009 ची, त्याच्या बार्सिलोनाने रियलच्या बर्नाबेऊ मैदानावर 6-2 ने जिंकलेली मॅच बघावी. मेस्सी उजवीकडून आत आला, स्ट्रायकरच्या जागेवरून खाली मिडफिल्डमध्ये उतरला, रियलच्या सेंटरबॅकना कळेना याच्यामागे जायचं की जागा धरायची. सगळे मेस्सीबद्दल बोलतात. पण त्या दिवशी एटो आणि हेन्री दोन्ही कडांना थांबले होते म्हणून ते सेंटरबॅक अडकले. दोन मोठे स्ट्रायकर, आणि काम काय तर दोन कडा धरून ठेवणं. एकाला मोकळं सोडायचं तर त्याचं भाडं दुसऱ्या दोघांना भरावं लागतं, हे मला त्या मॅचमधून कळलं आणि आजही मी पोरांना तीच मॅच दाखवतो.

आर्टेटा पेपचा असिस्टंट होता, डिसेंबर 2019 ला आर्सेनलला गेला, त्यामुळे नकाशा तोच. पण याची धास्ती अजून एक पायरी पुढची आहे, मॅच उघडी पडायचीच नाही, इकडून तिकडे धावाधाव व्हायचीच नाही. 2022-23 मध्ये झिन्चेन्कोला लेफ्टबॅकवरून आत आणून खेळवला, पासिंग सुंदर झालं, पण त्याच्या मागची जागा रिकामी पडायची आणि ती झाकायला सेंटरबॅक गॅब्रिएलची दमछाक. पुढच्या सीझनला मिडफिल्डर राइस आला, मागे जास्त पक्के डिफेंडर खेळायला लागले, अख्ख्या लीगमध्ये 29 गोल खाल्ले, सगळ्यात कमी. उजवीकडे मात्र त्याने तिघांना जागा बदलायची मुभा दिलेली, व्हाइट, ओडेगार्ड आणि साका. एक आत गेला की दुसरा कडेला, तिसरा पाठीमागे, तीन जागा कायम भरलेल्या, माणसं बदलतात. कॉर्नरवर तो एवढी मेहनत का घेतो तेही याच धास्तीतून समजतं असं मला वाटतं, मॅच बंद ठेवायची तर गोल कुठूनतरी आले पाहिजेत ना.

डी झर्बीवर जरा थांबतो कारण इथेच बहुतेकांचा गोंधळ उडतो. याला धास्ती वेगळीच, समोरचा आलाच नाही तर? त्याची ब्रायटन (इंग्लंडमधला क्लब) आठवा. सेंटरबॅक डंक बॉलवर तळवा ठेवून उभा आहे, हलत नाही, पास देत नाही, प्रेक्षक ओरडतायत. समोरचा स्ट्रायकर सहा-सात मीटरवर. डंकच्या पुढे दोन मिडफिल्डर अगदी जवळ, पाठ गोलकडे. स्ट्रायकरला राहवत नाही, तो एक पाऊल पुढे टाकतो. त्याच क्षणी पास मिडफिल्डरला, त्याचा मार्कर (त्याला धरून असलेला समोरचा खेळाडू) त्याच्या पाठीवर धावून येतो, पण तोवर मिडफिल्डरने एका टचमध्ये बॉल बाजूच्याला दिलेला असतो, आणि त्या बाजूच्याचं तोंड समोर असतं. हाच तो तिसरा माणूस. आता समोरच्या टीमचे चार-पाच जण मागे पडलेत आणि पलीकडे विंगर मितोमा कडेला एकटा, पुढे मोकळं रान. म्हणजे पेप समोरच्याला ढकलत ढकलत त्याच्या गोलपर्यंत नेतो, आणि डी झर्बी त्याला आपल्या दारात बोलावतो आणि त्याच्या मागची जागा वापरतो. पट्टे दोघांचेही तेच.

आणि याच कारणाने त्याची टीम कधी कधी जोरात आपटायची. मे 2023 चा एक आठवडा बघा. 8 तारखेला एव्हर्टन ब्रायटनच्या घरी आलं, आमिषाला भुललंच नाही, मागे गर्दी करून बसलं आणि बॉल मिळाला की सरळ पुढे पळालं, 5-1 ने जिंकून गेलं, पहिला गोल तर पहिल्याच मिनिटात. सहा दिवसांनी तीच ब्रायटन आर्सेनलच्या घरी गेली, आर्सेनल प्रेस करायला, म्हणजे अंगावर येऊन बॉल हिसकावायला, आलं, आणि ब्रायटन 3-0 ने जिंकली. मॅनेजर तोच, सहा दिवसांत त्याचं तत्त्वज्ञान तर काही बदललं नव्हतं.

लुईस एन्रिके हा तुमच्या प्रश्नाचं सगळ्यात चांगलं उदाहरण आहे कारण तो स्वतःशीच वेगळा निघाला. 2022 च्या वर्ल्डकपमध्ये त्याच्या स्पेनने मोरोक्कोविरुद्ध हजारावर पास मारले, गोल शून्य, पेनल्टीतही एकही आत गेला नाही, घरी. सगळे आपापल्या पट्ट्यात शहाण्यासारखे उभे होते आणि मोरोक्कोला काहीच त्रास नव्हता. नंतर त्याची पॅरिसच्या क्लबची टीम, पीएसजी, बघा. 2025 ची म्युनिकमधली चॅम्पियन्स लीग फायनल, बाराव्या मिनिटाला पहिला गोल कुणी मारला, तर हकिमीने, म्हणजे राइटबॅकने, आणि तोही गोलच्या तोंडाशी उभा राहून. डुएने आडवा पास दिला तेव्हा स्ट्रायकरच्या जागेवर राइटबॅक होता, आणि डेम्बेले जो नावाला स्ट्रायकर तो सगळीकडे फिरत असायचा. शेवटी 5-0. जागा सगळ्या भरलेल्या होत्या, कुठली जागा कुणाची ते मात्र इंटर मिलानला शेवटपर्यंत कळलं नाही. याची आताची धास्ती माझ्या मते साचलेपणाची आहे, माणूस उभा राहून राहून झाडासारखा होतो याची. पण हे परवडतं का, तर त्या टीममध्ये बॉल गेला की डेम्बेलेसकट सगळे वेड्यासारखे परत घ्यायला धावतात म्हणून. ते नसतं तर राइटबॅक पुढे गेलेला असताना मागे केवढं भगदाड पडलं असतं.

विरुद्ध टोकही आहे, अँचेलोटीसारखे मॅनेजर खेळाडूंनाच बरंच ठरवू देतात. आणि ब्राझीलच्या फ्लुमिनेन्से क्लबचा तेव्हाचा मॅनेजर डिनिझ तर सरळ उलटं करायचा, पट्टे वगैरे विसरा, बॉलच्या आजूबाजूला सहा-सात जण गोळा व्हा आणि छोट्या छोट्या पासांनी गर्दीतून बाहेर या. 2023 ची लिबर्टाडोरेस (दक्षिण अमेरिकेतली क्लबांची स्पर्धा) जिंकला तो असं खेळवून. त्याच डिसेंबरला क्लब वर्ल्डकपच्या फायनलमध्ये सिटीकडून 4-0 ने हरला, पहिल्याच मिनिटात गोल खाऊन. यावरून अमुक पद्धत भारी असा निष्कर्ष काढू नका हं, दोन्ही क्लबांच्या पैशातच जमीन-अस्मानाचा फरक आहे.

तर इथवरचं एवढं लक्षात ठेवा, पट्टे सगळ्यांचे तेच, धास्ती ज्याची त्याची, आणि त्या धास्तीवरून कोण थांबणार आणि कोण फिरणार ते ठरतं. आता तुमच्या टीमकडे वळू, इथे मला माझी फजिती सांगावी लागेल.

सात-आठ वर्षांपूर्वी मी हे सगळं वाचून भारावलो होतो. फक्की आणली, मैदानावर पाच पट्टे आखले, पोरांना नियम पाठ करून घेतला. दोन महिन्यांत चित्र असं झालं की पोरं बॉल सोडून खाली रेषांकडे बघायची. एकजण मोकळा असूनही पास घ्यायला पुढे आला नाही, का रे विचारलं तर म्हणे सर तिकडे ऑलरेडी दोघं होते. होते, पण त्या दोघांनाही मार्कर चिकटलेले होते ना! नियम पाळला गेला आणि अटॅक मेला. नियम कशासाठी आहे हे मी शिकवलंच नव्हतं, चूक पोरांची नव्हती.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. डावीकडे एक चपळ पोरगा होता, त्याला मी सांगून ठेवलेलं, टचलाइनला चिकटून राहा, आत यायचं नाही. एका मॅचला हाफटाइमला आला तो लालबुंद होऊन, म्हणाला, सर मी काय खांब आहे का? मी मोजलं तर पूर्ण हाफमध्ये त्याला बॉल तीनदा मिळालेला. मी त्याला लेक्चर दिलं की अरे तू तिथे उभा आहेस म्हणून त्यांचा राइटबॅक बाहेर खेचला जातो आणि आत जागा होते वगैरे. घरी येऊन व्हिडिओ बघितला तर त्यांचा राइटबॅक अजिबात खेचला गेलेला नव्हता. तो निवांत आत, सेंटरबॅकच्या बाजूला उभा. का नसेल, त्याला दिसत होतं ना की आमच्या पोरांचा पास पंचवीस मीटरच्या पुढे जातच नाही, उजवीकडून डावीकडे बॉल यायला तीन पास लागतात आणि तोवर तो आरामात चालत बाहेर येऊ शकतो. मोठ्यांच्या फुटबॉलमध्ये विंगर कडेला उभा राहून धाक घालतो कारण तिथे कुणीतरी चाळीस-पन्नास मीटरचा पास एका फटक्यात मारू शकतो. तो पास तुमच्याकडे नसेल तर कडेचा माणूस खरंच खांब आहे.

पुढच्या आठवड्यात मी त्याला आठ-दहा पावलं आत आणला, जिथपर्यंत आमचा पास पोचतो तिथे. आधीच्या राइटबॅकसारखाच खेळणारा दुसरा राइटबॅक समोर होता, आणि आता त्याला निवड करावीच लागली. म्हणजे मैदान किती पसरायचं हे मैदानाच्या मापावर नसतं, तुमच्या पोरांच्या पासावर असतं. हे मी पेप-आर्टेटा बघून शिकलो नाही, त्या पोराच्या रागामुळे शिकलो.

त्यामुळे कुणाचं मॉडेल घेऊ याचं सरळ उत्तर, कुणाचंच अख्खं नको. तुमच्या मैदानाची साइज काय, पोरं आठवड्यातून किती वेळा येतात, गोलकीपरला पायाने खेळता येतं का, यावर बरंच अवलंबून आहे आणि ते तुम्ही लिहिलेलं नाही. आठवड्यातून दोनदाच प्रॅक्टिस असेल तर डी झर्बीच्या वाटेला जाऊच नका, बॉलवर पाय ठेवून थांबणं दिसतं सोपं, पण ते नीट जमायला पुढच्या दोन-तीन पासांची सवय अंगात भिनावी लागते, नाहीतर 14 वर्षांचा सेंटरबॅक बॉल घालवणार आणि घरच्यांसमोर रडवेला होणार. बॉल वेडावाकडा उसळतो अशा मैदानावर तर मुळीच नको. फुलबॅकला आत आणणं या वयात चालतं, उलट पोरांना मधे खेळायची सवय लागते, फक्त एका वेळी एकालाच आणा.

करायचं काय, तर मी आता रेषा आखत नाही. एकच खेळ जास्तीत जास्त घेतो, चार विरुद्ध चार आणि तीन जोकर, जोकर म्हणजे ज्याच्याकडे बॉल त्यांच्या बाजूने खेळणारे. साधारण पंचवीस बाय अठरा मीटरचा चौकोन. दोन जोकर दोन टोकांना, एक मधे. बॉलवाले चौघं बाहेरच्या कडांवर, अडवणारे चौघं आत. बॉल गेला की जागा बदलतात, बाहेरचे आत धावतात, आतले बाहेर पसरतात. पसरणं, तिरकं उभं राहणं, मधला माणूस शोधणं आणि बॉल गेल्या गेल्या तुटून पडणं, सगळं यातच येतं आणि पट्टा हा शब्द एकदाही उच्चारावा लागत नाही. मधल्या जोकरला फक्त दोन टच द्या. पोरं अडकली तर खेळ थांबवून सांगू नका, विचारा, तुझ्यामुळे त्यांचा कोण अडकलाय? उत्तर कुणीच नाही असं आलं तर त्याला हल म्हणा, मग तो कुठल्याही पट्ट्यात असो.

आणि तुमची स्वतःची धास्ती काय आहे ते एकदा शोधा. माझी सांगतो, माझ्या टीमा बॉल गेल्यावर मागे बघत उभ्या राहायच्या, म्हणून मी बॉलच्या मागे कायम तीन जण ठेवतो, अटॅक कितीही चांगला चाललेला असो. पेपला ते भित्रं वाटेल कदाचित, पण पेपकडे रोड्री होता, माझ्याकडे शाळेतून धावत आलेली पोरं आहेत.

तुमच्या पुढच्या मॅचचा व्हिडिओ काढा, पण कडेला उभं राहून नको, कडेने अंतरं कळत नाहीत. गोलच्या मागे कुठे गच्ची किंवा पायऱ्या असतील तिथून मोबाइल आडवा धरून घ्या. मग जिथे जिथे तुमच्या टीमचा बॉल जातो तिथे थांबवून मागे किती जण आहेत आणि बॉलपासून दहा पावलांत किती जण आहेत एवढंच कागदावर लिहा. एका हाफचं पुरे. तो कागद झाला की त्यातले आकडे इथे टाका, मग विंगर किती बाहेर ठेवायचा ते बोलू.